पोरांना पाण्यात कधी उतरवावं?

उत्साही : आबा, माझं म्हणणं सरळ आहे. चोपडा तालुक्यातलं प्रत्येक पोर दुसरीत जाईपर्यंत पाण्यावर तरंगायला शिकलेलं असावं. त्यासाठी चौथ्या-पाचव्या वर्षी सुरुवात करावी. आपल्या दक्षिणेला तापी, पश्चिमेला अनेर, वरून सातपुड्याचे नाले उतरतात, मधे पाट आहेत आणि आता शेततळी. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी लागते. आईबाप केळीच्या बागेत नाहीतर मजुरीला. पोरं पाण्याकडे जाणारच. जाणारच आहेत, तर शिकून जाऊ देत ना. आपण पहिलीपासून इंग्रजी शिकवतो, संगणकापुढे बसवतो, आणि जिच्यामुळे जीव वाचतो ती एक गोष्ट मात्र 'मोठा झाला की शिकेल' म्हणून सोडून देतो. काही पोरं मोठी व्हायची राहून जातात, आबा.

शंकेखोर : ताई, मी विहिरीत शिकलेला माणूस आहे. तेव्हा पाण्याला घाबरणारा म्हातारा कुरकुरतोय असं समजू नका. मला पोहता येतं म्हणूनच मला शंका येते. नदीवर जीव कोणाचा जातो ते आठवून बघा. ज्याला काहीच येत नाही तो गुडघाभर पाण्यातून माघारी फिरतो. ज्याला थोडं येतं तो पुढे जातो. विहिरीत चार हात मारले, मुटका मारला, दोस्तांनी टाळ्या वाजवल्या, की गड्याला वाटतं तापी आपलीच. निमगव्हाणच्या पुलाखालचं पाणी वरून शांत दिसतं. पण वाळू उपसून उपसून पात्रात किती खड्डे झालेत, हे काठावरून कोणाला कळणार? कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर खोल जातं. पावसाळ्यात तर इथलं आभाळ कोरडं असतं आणि तिकडे वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. पाचव्या वर्षी तुम्ही त्याला तरंगायला शिकवाल, पण तेराव्या वर्षी तो कुठे उडी मारेल हे तुम्हाला ठरवता येणार नाही. अर्धवट येणं हे न येण्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे.

उत्साही : अर्धवट वाईट म्हणता, मग पूर्ण शिकवा. त्यावरून अजिबात शिकवूच नका असं कसं निघतं? आणि तुमचं चित्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांचं आहे, जे आपणहून उडी मारतात. जे पडतात त्यांचं काय? आई कपडे धुते आणि तिच्या पाठीमागे खेळणारी तीन वर्षांची पोरगी घसरते. शेळीमागे धावणारा पोरगा पाटात जातो. बादली काढायला वाकलेली सून विहिरीत जाते. यातलं कोणी धाडस करायला गेलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या पोरांचा होता. पाच वर्षांखालचं पोर सूर मारायला जात नाही, आबा. त्याला पाणी दिसतं आणि ते चालत जातं.

शंकेखोर : हे खरं आहे. पण मग तीन वर्षांच्या पोरीला तुम्ही पोहायला शिकवणार, की तिला पाण्यापाशी जाऊच देणार नाही? दोन वेगळी कामं आहेत ही. आमच्या वेळी लहानाला विहिरीच्या धावेवरसुद्धा येऊ देत नसत. सात-आठ वर्षांचा झाला, दंडात जरा बळ आलं, सांगितलेलं ऐकायला लागला, की मग पाठीला डबा.

आता डबा म्हणजे काय ते ऐका, कारण हल्लीच्या लोकांना वाटतं आम्हाला नुसतं ढकलून देत. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड घट्ट बंद केलेलं, तो पाठीवर सुताच्या दोरीने आवळायचा. कोणाकडे वाळलेला दुधी असायचा, पुढे ट्रॅक्टरच्या ट्यूबा आल्या. कमरेला वेगळा दोर, आणि त्याचं दुसरं टोक काकाच्या हातात. काका पाण्यात उतरायचेच नाहीत. पायऱ्यांवर बसून बिडी ओढत गप्पा मारायचे, पण दोर कधी सुटला नाही. पहिले दोन दिवस दोर ताठ, मग ढिला, मग इतका ढिला की तो आहे की नाही ते आपल्याला कळू नये. डब्याचं तर आणखी गमतीचं होतं. दर दोन-तीन दिवसांनी काका डब्यात तांब्याभर पाणी ओतायचे. डबा तेवढा जड, तेवढा कमी तरंगणारा. आपल्याला वाटायचं डबा आपल्याला धरून आहे, आणि खरं तर आपणच डब्याला ओढत असायचो. ज्या दिवशी डबा काठोकाठ भरला त्या दिवशी काका म्हणाले, सोड आता ते ओझं. असं शिकवायला वर्ग लागत नाही, ताई. काका लागतो. आणि पाणी असलेली विहीर लागते. दोन्ही आता कुठे आहेत?

उत्साही : काकांची युक्ती मला मान्य. त्याहून चांगली युक्ती कुठल्या प्रशिक्षण शिबिरात सांगत असतील असं मला वाटत नाही. पण त्या दोराला कोण कोण बांधलं गेलं तेही सांगा. तुमच्या बहिणी शिकल्या? त्या विहिरीवर पाणी भरायला जायच्या, कपडे नदीवर धुवायच्या, म्हणजे घरात सगळ्यात जास्त पाण्याजवळ त्याच. त्यांच्या पाठीला कोणी डबा बांधला नाही. आणि गावातल्या सगळ्या पोरांना त्या विहिरीत उतरू देत होते का? महाडला १९२७ साली दलितांना नुसतं तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला होता. विहिरीत उतरून अंग ओलं करणं तर फार पुढची गोष्ट. तुमचा तो सुंदर पायऱ्यांचा वर्ग गावातल्या ठरावीक घरांतल्या मुलग्यांचा वर्ग होता. तो बंद पडला याचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. त्याच्या जागी सगळ्यांचं काही उभं राहिलं नाही, याचं मात्र वाटतं.

शंकेखोर : बहिणींचं म्हणता ते लागलं. त्यावर मला उत्तर नाही, आणि देऊही नये. गावातल्या इतर पोरांचं... ती पोरं नाल्याच्या डोहात शिकायची. त्यांना काका नव्हता. ती एकमेकांना बघून शिकायची. काही चांगली शिकली, आमच्याहून चांगली. काही शिकली नाहीत. तेही खरं.

पण तुम्ही मला सांगा, आता सगळ्यांचं म्हणून जे काही उभं करायचं, ते करणार कुठे? यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात केळीने आणि बोअरने पाणी कुठच्या कुठे नेलं. विहिरी म्हणजे आता कोरडी भगदाडं, तळाशी बाभळी. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेचा करार २०२५ मध्ये दोन राज्यांनी केला. पाणी जमिनीत परत येईल तेव्हा येईल. तोवर राहिलं काय? नदी, जिचं पात्र रोज बदलतं. पाट, ज्याला वेग आहे. आणि शेततळं. शेततळ्यावर थांबू या जरा, कारण तुमची सगळी योजना तिथे अडते.

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळं' ही योजना आली आणि पाण्याच्या दृष्टीने भलं झालं, त्यात वाद नाही. पण शेततळं म्हणजे विहीर नव्हे. चारी बाजूंनी उतार, आणि उतारावर प्लास्टिकचा कागद. पाणी भरलं की त्या कागदावर शेवाळाचा पातळ थर चढतो. तुम्ही कधी अनवाणी त्यावर पाय ठेवून पाहिलाय? आता पोराचं बघा. ते हात मारत मारत काठाला येतं. पोहता येतंय त्याला, तुमच्याच वर्गात शिकलंय. काठ हातभर अंतरावर आहे. हात कागदावर टेकतो आणि घसरतो. पाय टेकतो आणि घसरतो. नखं रोवायला जागा नाही, धरायला मूळ नाही, दगड नाही. जितकं चढायला बघावं तितकं खाली. चांगले पोहणारे तरुण गडी शेततळ्यात गेले, ते पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे. बाहेर निघता येत नव्हतं म्हणून. तिथे तुमचं पोहणं काय करणार?

उत्साही : काहीच नाही करणार. इथे तुम्ही बरोबर आहात. शेततळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडायला हवा, किंवा टायर एकमेकांना बांधून काठापासून तळापर्यंत शिडी, आणि भोवती कुंपण. ज्याचं शेत त्याने करायचं. चारशे पोरांना पोहायला शिकवण्यापेक्षा एका तळ्याला दोर बांधणं स्वस्त पडतं, हे मी मान्य करते.

पण याच मुद्द्यावर मी तुमच्याकडून काही घेऊन पुढे जाते. तुम्ही म्हणालात, पोहणं वेगळं आणि बाहेर निघणं वेगळं. मग लहान पोराला पहिल्यांदा काय शिकवायचं? हात-पाय मारून दहा हात पुढे जायला की पडल्यावर उलटं होऊन, तोंड वर करून, श्वास घेत काठाकडे वळायला? नेदरलँड्समध्ये, जिथे घराबाहेर पाऊल टाकलं की कालवा, तिथे पोरांच्या पहिल्या पोहण्याच्या परीक्षेचा एक भाग कपडे आणि बूट घालून होतो. नुसत्या पोहण्याच्या चड्डीत भागत नाही. कारण पोर कालव्यात पडतं ते शाळेच्या कपड्यांत पडतं. ओला शर्ट अंगाला कसा ओढतो हे त्याला आधीच माहीत हवं. हा विचार आपल्या तलावांवर मला कुठे दिसत नाही. तिथे सगळं शर्यतीच्या हिशेबाने. किती सेकंदात किती मीटर.

शंकेखोर : कपड्यांत पोहणं. हे आवडलं. आमच्या काकांना हे सुचलं नव्हतं.

उत्साही : आणखी एक उदाहरण देते, तुम्हाला हसू येईल. माझी मामेबहीण कॅनडात कॅलगरीला असते. तिची मुलगी चार वर्षांची, आणि ती बर्फावर स्नोबोर्ड करते. एक रुंद फळी, त्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी बांधलेले, आणि उतारावरून खाली. मला आधी वेडेपणा वाटला. मग बहिणीने सांगितलं, सुरुवातीला पोरीला उतारावर नेलंच नाही. सपाटीवर फळीच्या पुढच्या टोकाला दोर बांधून मोठं माणूस ओढतं, पोरगी नुसती उभं राहायला शिकते. तुमच्या काकांचाच दोर, आबा! आणि मग शिकवतात पडायला. बोटं पसरून हात मागे टेकायचा नाही, कारण मनगट मोडतं. मुठी मिटायच्या, हात जवळ घ्यायचे, पुढे जाताय तर गुडघ्यांवर, मागे जाताय तर बुडावर. मग उठायचं कसं. पोरं खिदळत पडतात, उठतात, पुन्हा पडतात. घसरणं त्यानंतर येतं. या खेळाचा जन्मही पोरांसाठीच झालाय. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या बापाने आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या, त्याचं पुढे 'स्नर्फर' झालं, आणि १९९८ मध्ये नागानोला ते प्रकरण थेट ऑलिंपिकमध्ये गेलं. अमेरिकेची क्लोई किम चार वर्षांची असताना बोर्डवर उभी राहिली आणि २०१८ मध्ये सतराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन गेली.

मला सुवर्णपदक नकोय. चार वर्षांच्या पोराचं शरीर जमिनीपासून जवळ असतं, पडण्याची त्याला लाज नसते, म्हणून ते लवकर शिकतं, एवढंच मला सांगायचंय. आठव्या वर्षी लाज येते. दोस्त हसतील म्हणून मुलगा येत नसलं तरी येतंय म्हणतो. तुम्ही ज्या अर्धवटांना घाबरता ते तिथे तयार होतात.

शंकेखोर : हसू नाही आलं, उलट तुमच्या भाचीने माझंच काम सोपं केलं. मला सांगा, ती पडते त्या बर्फात दगड असतात?

उत्साही : नाही. यंत्राने दाबून सपाट केलेला असतो.

शंकेखोर : लहानांचा उतार वेगळा असतो?

उत्साही : हो, आखून दिलेला. वर जायला सरकता पट्टासुद्धा असतो.

शंकेखोर : डोक्यावर हेल्मेट, मनगटाला आधार, शेजारी शिकवणारा, डोंगरावर गस्त. म्हणजे त्या लोकांनी आधी डोंगर पोरासारखा केला, आणि मग पोर डोंगरावर नेलं. तो उतार बघूनच त्यांना म्हणता येतं, की पड, काही होणार नाही. आपण उलटं करतो. नदी आहे तशी, पाट आहे तसा, शेततळं कागदासकट आहे तसं, आणि सगळा भार पोरावर. तू शिक. तू सावध राहा. तू पोहून बाहेर ये. पाच वर्षांच्या पोराच्या दंडावर अख्ख्या तालुक्याच्या निष्काळजीपणाचा भार कशाला? तुमच्या वर्गाची मला भीती वाटते ती याचसाठी. एकदा वर्ग सुरू झाला, फोटो छापून आला, की कुंपणाची आठवण कोणालाही राहणार नाही. पुढचं पोर गेलं की लोक म्हणतील, का रे, शिकवलं होतं ना?

उत्साही : हा आक्षेप मला आजवर कोणी घेतला नव्हता. जरा विचार करू द्या.

तुमच्या भाषेत सांगायचं तर पाणी पोरासारखं करता येतं का, हा प्रश्न आहे. येतं. आणि त्याला कॅलगरीचा पैसा लागत नाही. बांगलादेशात तर घरटी डबकं, आणि पोरं बुडण्याचं प्रमाण भयंकर. त्यांनी तरणतलाव बांधले नाहीत. गावातल्याच तळ्यात बांबू रोवून चौकट केली, आणि पाण्याखाली बांबूचाच मचाण बसवला, म्हणजे पोराच्या छातीपर्यंतच पाणी. त्यात चार ते बारा वर्षांची पोरं, आणि शिकवायला गावातलेच तरुण, रीतसर तयार केलेले. उत्तीर्ण कधी? पंचवीस मीटर पोहलं आणि तीस सेकंद तरंगलं की. या पोरांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. तुम्ही म्हणता शिकलेला पोरगा जास्त धाडस करतो. करत असेल. पण तिथला हिशेब तरी शिकलेल्याच्या बाजूने लागला.

शंकेखोर : आणि चारच्या खालची? त्यांच्यासाठी तिथे काय केलं?

उत्साही : तुम्हाला माहीत आहे, तरी विचारताय.

शंकेखोर : मला अंदाज आहे. तुम्ही सांगा.

उत्साही : त्यांच्यासाठी 'आंचल' नावाची घरं काढली. एक ते पाच वर्षांची पोरं सकाळपासून दुपारपर्यंत एका बाईच्या नजरेखाली. त्या वेळात आई कामात असते आणि तेव्हाच पोरं पाण्यात जातात. नुसतं एवढं केलं आणि तिथेही मृत्यू ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, शाळेत जाण्याआधीच्या पोराला पाण्यापासून दूर सुरक्षित जागा आणि शाळेत जायला लागलेल्याला पोहणं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आता एक वर्षानंतरही धडे चालतील म्हणतात, पूर्वी चारच्या आधी नको म्हणायचे. पण तेही बजावतात, की कितीही शिकलं तरी पोर बुडणार नाही अशी खात्री कोणी देऊ नये, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

शंकेखोर : म्हणजे तुमचं ते 'चौथ्या वर्षापासून' हळूहळू माझ्या 'सातव्या'कडे सरकतंय.

उत्साही : आणि तुमचं 'नकोच' माझ्या 'हवंच'कडे. पण मी चार सोडत नाही. चौथ्या वर्षी छातीएवढ्या पाण्यात, खेळ म्हणून. तोंड पाण्यात घालायचं, फुर्र करून बुडबुडे काढायचे, पाठीवर पडून आभाळ बघायचं. त्याला मी पोहणं म्हणत नाही. आणि एक अट : ढकलायचं नाही. खांद्यावर घेऊन नेलं आणि मधेच सोडून दिलं, आणि वर सगळे हसले, हे आपल्याकडचं फार जुनं कौतुक आहे. ज्याला असं सोडलं तो शिकतोही कधी कधी. पण ज्या माणसाने सोडलं त्याच्यावरचा त्याचा विश्वास गेलेला असतो, आणि पाण्यात 'हात दे' म्हटल्यावर हात न देणारी पोरं अशीच तयार होतात.

शंकेखोर : ढकलू नये, कबूल. पण भीती घालवायचीच, असं जे तुम्ही लोक धरून बसता ते मला पटत नाही. पाण्याला घाबरावं. मी आजही घाबरतो. विहिरीत उतरताना काका म्हणायचे, पहिल्यांदा पाणी बघ. गढूळ आहे का, काल पाऊस झाला का, पातळी कालची आहे का. बघितल्याशिवाय मुटका मारला की थोबाडीत बसायची. तुमच्या तलावातलं पोर निळ्या फरशीच्या, तळ दिसणाऱ्या, क्लोरीनच्या पाण्यात शिकतं. त्याला पाणी बघायची सवयच लागत नाही, कारण तिथलं पाणी रोज सारखंच. तेच पोर सुट्टीत मामाच्या गावी आलं, अनेरच्या काठी उभं राहिलं, तर त्याला वाटणार हेही तेच पाणी. शहरात शिकलेला गावच्या नदीत जातो तो असा.

उत्साही : यावर मी भांडणार नाही. घाबरणं आणि गडबडून जाणं यात फरक करायला शिकवावं, एवढंच म्हणेन. जो गडबडून हात वर फेकतो, त्याचं अंग खाली जातं. आणि तो ओरडत नाही, हे लोकांना माहीत नसतं. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? दहा पावलांवर बसलेल्या माणसाला वाटतं पोरगं खेळतंय. पोर पाण्याखाली जातं ते वीस ते साठ सेकंदांत.

आणि खरं सांगू, मला वर्गात पहिला धडा पोहण्याचा द्यायचाच नाहीये. पहिला धडा : दोस्त बुडतोय, तर उडी मारायची नाही. आपल्याकडच्या बातम्या आठवा. एक गेला, त्याला वाचवायला दुसरा, दुसऱ्यासाठी बाप. एका घरातले तिघे. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघे तळाला जातात. काठावरून ओढणी फेका, साडी फेका, बांबू पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, त्यावर पोर तरंगतं. हे सहा वर्षांच्या पोरीलाही जमतं, पोहता येत नसलं तरी. आणि बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोटावर दाबायचं नाही. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, लगेच, आणि मग छाती दाबायची.

(इथे लेखकाला गप्प राहवत नाही. बुडालेल्याला मडक्यावर पालथं घालून गरगर फिरवण्याचा उपाय आपल्याकडे अजून जाणती माणसं सांगतात, आणि पोटातून पाणी निघालेलं बघून गर्दीला समाधानही वाटतं. पण पोराला हवा असतो श्वास, आणि फिरवण्यात गेलेली दोन-चार मिनिटं परत मिळत नाहीत.)

शंकेखोर : हा धडा तुम्ही उद्या सुरू करा. मी स्वतः येऊन बसतो आणि बुडणाऱ्याचं सोंगही करतो. याला पाणी लागत नाही, परवानगी लागत नाही. पण पाण्यातल्या वर्गाचं विचारतो, आणि हे टाळू नका. तुम्ही शाळेच्या शिक्षिका. चाळीस पोरं तळ्यावर न्याल. त्यातलं एक, देव न करो, तुमच्या डोळ्यांदेखत गेलं, तर? सातपुड्याच्या पायथ्याच्या वाडीवरून आलेल्या त्या आईबापांना तुम्ही काय सांगणार? हजार पोरं वाचतील म्हणून एक गेलं, असं? शाळा पोरांना पाण्यावर नेत नाहीत त्याला फक्त आळस कारण नाही. घरून पाण्यावर गेलेलं पोर नशिबाने गेलं म्हणतात. शाळेने नेलेलं पोर शाळेने मारलं म्हणतात. आणि त्यात त्यांची चूक नाही.

उत्साही : नाही, चूक नाही. म्हणून चाळीस नकोत. एका शिकवणाऱ्यामागे चार किंवा पाच पोरं, पाणी छातीच्या वर नाही, आणि काठावर एक माणूस असा की ज्याला दुसरं काही कामच नाही. शिकवायचं नाही, फोन नाही, गप्पा नाहीत, फक्त डोकी मोजत राहायचं. तुमचे काका बिडी ओढत करायचे तेच, बिडी वगळून. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे नाही, मला कळतंय. एवढं सगळं करूनही शून्य होत नाही. आणि ते एक पोर माझ्या हातून जाईल. वर्गच न घेतल्याने जी चार पोरं मेमध्ये जातील ती कोणाच्याच हातून जाणार नाहीत, ती नुसती जातील, चौथ्या पानावर दोन ओळींत. हा हिशेब मला कागदावर मांडता येतो. आईसमोर मांडता येत नाही.

शंकेखोर : मग अशी मांडणी करू. या उन्हाळ्याआधी आपण दोघं गावातल्या सगळ्या शेततळ्यांवर फिरू. दोर आणि कुंपण आहे की नाही ते लिहून घेऊ. ज्याने केलं नाही त्याच्या घरी मी जाऊन बसतो, माझ्या वयाला एवढा तरी उपयोग आहे. ते पुरं झालं की तुमचा बांबूचा मचाण. सहा वर्षांच्या वरची पोरं, मुली पहिल्या. दोर माझ्या हातात.

उत्साही : आणि कुंपण पुरं व्हायला तीन उन्हाळे लागले तर? तोवर पोरं थांबणार आहेत का? आणि सहाच्या खालची, ज्यांची आई सकाळी सातला केळीच्या गाडीत बसून जाते आणि अंगणवाडी त्यानंतर उघडते?

शंकेखोर : अंगणवाडीची वेळ बदलायला हवी.

उत्साही : ती बदलायला किती उन्हाळे?

शंकेखोर : ते मला विचारू नका. पण तुमचा मचाण आधी झाला, तर माझं कुंपण कधीच होणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो.

उत्साही : आणि कुंपणाची वाट बघत बसले, तर मचाण. म्हणून दोन्ही एकदम सुरू करायचं, मे महिन्याच्या आत.

शंकेखोर : माणसं किती आहेत तुमच्याकडे?

उत्साही : तुम्हाला धरून तीन.